म्हातारा कुत्रा गाडीत अस्वस्थ होतो: लांबच्या प्रवासाला न्यायचं की नाही, हे ठरवण्याआधीच्या तपासण्या

गाडी सुरू झाली की धापा, तासाभरात उलटी आणि मुक्कामी पोचल्यावर दोन दिवस उठवत नाही. ही तक्रार मी माझ्या तीन कुत्र्यांच्या म्हातारपणात निस्तरली आहे. ओळखीच्यांच्या कुत्र्यांसाठीही बऱ्याचदा सोबत बसून तिचं मूळ शोधलं आहे. बाहेरून दिसणारं चित्र प्रत्येक वेळी जवळजवळ सारखं होतं, कारणं मात्र वेगळी निघाली. मोतीचे खुब्याचे सांधे दुखत होते. चिंगीचं हृदय थकलं होतं. भुरूची मूत्रपिंडं कमजोर झाली होती आणि त्याला दर तासाला उतरायचं असायचं, ते आम्हाला कळत नव्हतं. तिघांच्याही बाबतीत आम्ही आधी एकच म्हणालो होतो, "याला गाडी लागते." मोतीच्या वेळी त्या एका वाक्यापायी वर्ष वाया गेलं.

म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याबद्दल माझं ठाम मत झालं आहे. जो कुत्रा आयुष्यभर गाडीत मजेत बसला आणि आता बसत नाही, त्याच्या शरीरात काहीतरी बदललं आहे असं धरूनच चालायचं. मोठ्या अंगाचे कुत्रे सात-आठ वर्षांतच म्हातारपणाकडे झुकतात, छोट्या जातींना तिथं पोचायला दहा-अकरा वर्षं लागतात. त्यामुळे "अजून नऊच वर्षांचा आहे" हा हिशेब मोठ्या कुत्र्याला लागू पडत नाही.

लक्षणं

यातली एक किंवा अनेक दिसत असतील तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी आहेत:

- गाडीत हवा गार असूनही सतत धापा टाकतो
- लाळ गळते, ओठ चाटत राहतो, एकामागून एक जांभया देतो, मग उलटी करतो
- खाली बसत नाही. बसला तरी लगेच उठतो, वळणावर पाय फाकवून तोल सावरतो
- थरथरतो, कण्हतो, दाराकडे बघत राहतो
- घरात कधी न करणारा गाडीत शू करतो
- गाडी दिसली की मागे सरतो किंवा चढायच्या आधी घुटमळतो
- उतरल्यावर लंगडतो, मागचे पाय ओढतो
- दुसऱ्या दिवशी जेवत नाही, नुसता पडून राहतो, किंवा रात्रभर येरझाऱ्या घालतो

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे लक्षण कधी सुरू होतं. इंजिन सुरू व्हायच्या आधीच थरथर असेल तर मनात भीती आहे. निघाल्यावर दहा-वीस मिनिटांत लाळ आणि जांभया सुरू झाल्या तर खरोखर गाडी लागत असण्याची शक्यता जास्त. तासभर ठीक आणि मग अस्वस्थ झाला, तर दुखणं किंवा भरलेलं मूत्राशय आधी आठवावं. फक्त उन्हाच्या बाजूला किंवा गाडी रेंगाळत चालली असताना त्रास होत असेल तर उष्णता. प्रवासात शहाण्यासारखा बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना ओरडला, तर सांधे. एखादी वही करा आणि वेळेसकट लिहून ठेवा. शेजारी बसलेल्या माणसाला मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रीकरण करायला सांगा. दवाखान्यात टेबलावर उभा केलेला कुत्रा घाबरून दुखणं लपवतो. डॉक्टरांना गाडीतला खरा कुत्रा त्या चित्रीकरणातच दिसतो.

ही चिन्हं दिसली तर तपासण्या करत बसू नका

हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा विटकरी लाल झाल्या आहेत. आराम करत असतानाही तोंड उघडून, पोट आत ओढून श्वास घेतो आहे. पोट फुगलंय आणि उलटीची उबळ येते पण बाहेर काही पडत नाही. विशेषतः खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यात पोटाला पीळ पडल्याची ही खूण असू शकते आणि तिथं तासांचा नाही, मिनिटांचा प्रश्न असतो. शू करायला बसतो पण होत नाही. चक्कर येऊन कोसळला. पाच मिनिटांपेक्षा लांबलेली किंवा पुन्हा पुन्हा येणारी फीट. यापैकी काहीही असेल तर सरळ डॉक्टरांकडे, गाडी कुठं निघाली होती ते विसरून.

हिरड्या तपासायची सवय घरी निवांत असतानाच लावून घ्या. वरचा ओठ उचलायचा, हिरडीवर बोट दाबून सोडायचं. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काहींच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीच्या आतला रंग बघावा. नेहमीचा रंग डोळ्यांत बसलेला असेल तरच बिघडलेला ओळखता येतो.

पहिली तपासणी: झोपेतले श्वास मोजा

याला काहीही खर्च नाही आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची. कुत्रा गाढ झोपला की छाती वर जाऊन खाली आली म्हणजे एक श्वास, असं तीस सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं. पाय हलवत स्वप्न बघत असेल किंवा नुकताच फिरून आला असेल तर थांबायचं. असे ओळीनं तीन-चार दिवस मोजा.

निरोगी कुत्रा झोपेत मिनिटाला तीसपेक्षा कमी श्वास घेतो. आकडा सतत तीसच्या वर जात असेल तर प्रवासाचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा. हृदय कमजोर झालं की फुफ्फुसात पाणी साठायला लागतं, आणि ते खोकल्यात किंवा धापेत उघड दिसण्याआधी पुष्कळदा झोपेतल्या श्वासांच्या संख्येत दिसतं. छोट्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप झिजणं हा फार नेहमीचा आजार आहे.

चिंगी गाडीत धापा टाकायची तेव्हा आम्ही काचा खाली कर, वर कर असं करत राहिलो. एका रात्री सहज मोजले तर बेचाळीस. पुन्हा मोजले, चव्वेचाळीस. तिच्या गाडीतल्या धापा ही तिच्या आजाराची आम्हाला दिसलेली पहिली खूण होती, आणि आम्ही ती हवामानावर ढकलत होतो. औषधं सुरू झाल्यावर आकडा बावीस-चोवीसवर आला. त्यानंतर ती छोट्या प्रवासांना छान यायची.

दुसरी: उभ्या गाडीत दहा मिनिटं

गाडी बंद, दारं उघडी, कुठंही जायचं नाही. कुत्र्याला त्याच्या जागी बसवा आणि तुम्हीही बाजूला बसा. दुसऱ्या दिवशी दारं लावून बसा. तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू करा पण गाडी हलवू नका. चौथ्या दिवशी पाच मिनिटांची फेरी.

या चार पायऱ्यांत कुठं बिनसतं ते कळलं की निम्मं काम झालं. पहिल्याच पायरीला थरथरत असेल तर त्याच्या आठवणीत गाडी म्हणजे दवाखाना असं बसलेलं असतं, किंवा गाडीत चढताना दुखतं आणि तो त्या दुखण्याला घाबरतो. इंजिनाच्या आवाजाला बिचकला तर घरघर त्याला पायातून जाणवते आहे. ऐकू कमी येणाऱ्या कुत्र्याला आवाजाचा अंदाज नसतो, अचानक नुसती थरथर लागते. गाडी हलल्यावरच बिघडलं तर मळमळ किंवा तोल. ते वेगळं करायला पुढची तपासणी लागते.

गाडीतला सुवासाचा डबा याच दिवशी काढून टाका. आपल्याला मंद वाटणारा वास कुत्र्याच्या नाकाला बंद डब्यात कोंडल्यासारखा असतो.

तिसरी: तो कशावर उभा आहे, आणि चढतो कसा

इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मी बघितलेल्या कुत्र्यांपैकी सगळ्यात जास्त इथंच सुटले.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायांचे स्नायू झिजलेले असतात, सांधे आखडलेले असतात. घरात तो हे सांभाळून घेतो: गुळगुळीत फरशी टाळतो, भिंतीला धरून बसतो, उठायच्या आधी दोनदा विचार करतो. गाडीत मात्र जमीनच हलत असते. प्रत्येक वळण, प्रत्येक ब्रेक, प्रत्येक खड्डा त्याला चारही पायांनी सावरावा लागतो. आपण सीटला टेकून बसलेलो असतो, म्हणून आपल्याला चार तासांचा प्रवास चार तास बसणं वाटतो. त्याच्यासाठी ती चार तासांची कसरत असते, तीही दुखऱ्या खुब्यांवर.

मोतीसाठी आम्ही प्रेमानं जाड, मऊ स्पंजची गादी आणली होती. तीच घात करत होती. पाय गादीत रुतायचे, तोल जायचा, तो दर वळणाला धडपडून उठायचा. सतत उठल्यानं दमायचा, दमल्यावर धापा, आणि शेवटी उलटी. आम्ही त्याचं जेवण बंद करून बघितलं, वाटा बदलून बघितल्या, हळू चालवून बघितलं. एकदा मी चालवत नव्हतो आणि मागे त्याच्याशेजारी बसलो, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात तो किती वेळा उठला ते मोजलं. एकोणीस वेळा. घरी येऊन गादी काढली आणि पातळ, घट्ट, खालून न घसरणारी सतरंजी घातली. दोन्ही बाजूंना चादरींच्या घट्ट गुंडाळ्या लावून त्याच्या अंगाच्या मापाची खोबण केली. पुढच्या प्रवासात तो झोपला.

तेव्हा बघायच्या गोष्टी अशा. बसायची जागा कडक आणि खरखरीत हवी, पण हाडं टोचू नयेत एवढं अस्तर हवं. टेकायला कडा हव्यात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा सगळ्यात कमी हिंदकळते. डिकीत, मागच्या चाकांच्याही मागे, गचके जास्त बसतात. मोठी गाडी असूनही मी म्हाताऱ्या कुत्र्याला मागे डिकीत ठेवत नाही. मागच्या सीटसमोरची पायाकडची पोकळी घट्ट सामानानं भरून सपाट केली तर तो मध्येच घसरून पडत नाही. वाढलेली नखं कापा, कारण नखांवर उभं राहिलं की पंजाची पकड सुटते. पंज्यांच्या मधले केसही गुळगुळीत पृष्ठभागावर घसरवतात, तेही कापा.

बांधायचं ते छातीच्या हार्नेसला, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही. ब्रेक लागला की गळपट्टा मानेला आणि श्वासनलिकेला हिसका देतो. छोट्या जातींत म्हातारपणी श्वासनलिका आधीच मऊ पडलेली असू शकते. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर बसवू नका. मांडीवरही नाही, कितीही सवय असली तरी.

चढणं-उतरणं हे अर्ध्या दुखण्याचं मूळ असतं. उडी मारून उतरताना शरीराचा भार पुढच्या पायांवर आदळतो, चढताना मागच्यांवर ताण येतो. शक्य असेल तर उचला: एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांच्या मागून, पाठ आडवी राहील असा. पुढच्या बगलांत धरून लटकवू नका. उचलण्याच्या बाहेरचा कुत्रा असेल तर लांब फळी लावा. जितकी लांब तितका चढ कमी. तिच्यावर खरखरीत कापड ठोका आणि आठवडाभर आधी घरात जमिनीवर सपाट ठेवून तिच्यावरून चालायला शिकवा. प्रवासाच्या पहाटे अंधारात पहिल्यांदा दाखवलेल्या फळीवर कुठलाही म्हातारा कुत्रा पाय ठेवणार नाही.

जागा बदलल्यावर सगळं शमलं तरी सांध्यांचं दुखणं संपलं असं समजू नका. ते डॉक्टरांना दाखवायचं आहेच, फक्त आता घाई नाही.

चौथी: त्याच्या उंचीवरचं तापमान

एसीची गार हवा पुढच्या दोघांना लागते. मागे खाली, जिथं कुत्रा आहे, तिथं हात ठेवून बघा. साधा थर्मामीटर वीस मिनिटं त्याच्या जागी ठेवला तर आणखी चांगलं. काचेतून येणारं ऊन त्याच्या अंगावर पडतं का? तो सरकू शकत नसेल तर तासभर त्याच उन्हात भाजत राहतो.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंज्यांना थोडा येतो तेवढाच. शरीर गार करायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा. हृदय कमजोर, वजन जास्त, नाक चपटं, किंवा स्वरयंत्राचे स्नायू ढिले पडलेले असतील तर तो मार्गच अरुंद होतो. शेवटचा प्रकार लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या जातींत म्हातारपणी बराच दिसतो. भुंकणं घोगरं झालंय आणि श्वास घेताना खरखर येते, अशी खूण असेल तर गरम दिवसात त्याला लांब नेऊ नका.

उभ्या बंद गाडीत दोन मिनिटंही सोडायचं नाही. बाहेर २४ अंश असताना आतलं तापमान दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांच्या आसपास जातं. काच चार बोटं खाली ठेवल्यानं यात फारसा फरक पडत नाही. थांब्यावर एक माणूस कुत्र्यासोबत बाहेर सावलीत, हे निघायच्या आधीच ठरवून घ्या. एकटेच निघत असाल तर स्वतःचं खाणंपिणं बरोबर घ्या, म्हणजे त्याला मागे सोडून कुठं आत जावं लागत नाही.

कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ४० च्या वर गेलं, धापा थांबत नाहीत, पाय लटपटतात, तर आधी गार करा: सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, आणि तसंच चालू ठेवत दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते फुफ्फुसात जाईल.

पाचवी: जेवण, पाणी, शू

निघायच्या तीन-चार तास आधी नेहमीपेक्षा थोडं कमी, नेहमीचंच जेवण. भरल्या पोटी मळमळ वाढते. अगदी रिकाम्या पोटीही काही कुत्र्यांना पिवळ्या पित्ताच्या उलट्या होतात. मधुमेही कुत्र्याचं जेवण आणि इन्सुलिन यांची वेळ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवायची नाही. इन्सुलिन थंड ठेवायचं असतं, पण गोठू द्यायचं नाही, त्यामुळे बर्फाला चिकटवून ठेवू नका.

"गाडीत शू नको म्हणून सकाळपासून पाणी दिलं नाही" हे वाक्य मी खूप जणांकडून ऐकलं आहे, आणि म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. मूत्रपिंडं कमजोर झालेला कुत्रा पाणी धरून ठेवू शकत नाही. तो भरपूर शू करतो म्हणूनच भरपूर पितो. त्याचं पाणी तोडलं तर शू चालूच राहते आणि शरीर सुकतं. भुरूला आम्ही एकदा असंच आणलं. पोचल्यावर त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. दोन दिवस सलाईन लागलं.

घरी एक साधी मोजणी करा. सकाळी मापून पाणी ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं मोजा. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पीत असेल, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्यानं लिटरभराच्या वर, तर रक्त-लघवी तपासून घ्या. मूत्रपिंड, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त तयार होण्याचा आजार) यांपैकी काहीही असू शकतं. हृदयाच्या कुत्र्याला शू होण्याची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती टाळू नका. वेळ पुढेमागे करता येईल का, ते डॉक्टर सांगतील.

थांबा दर दोन तासांनी, म्हाताऱ्याला दीड तासानं घेतलेला बरा. उतरवून पाच मिनिटं उभं करणं पुरत नाही. आखडलेले सांधे मोकळे व्हायला त्याला दहा मिनिटं सावकाश चालू द्या, मग तो शू करतो. पट्टा हातातून सोडू नका. दिसायला-ऐकायला कमी येणारा कुत्रा अनोळखी ठिकाणी भांबावून कुठल्याही दिशेला चालू लागतो.

सहावी: चढत्या क्रमाच्या फेऱ्या, आणि दुसरा दिवस

वरचं सगळं नीट असेल तर आधी पंधरा मिनिटं, मग पाऊण तास, मग दोन तास. प्रत्येक फेरीनंतर एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि वहीत चार गोष्टी लिहा: सकाळी किती सहज उठला, नेहमीएवढं जेवला का, रात्री शांत झोपला का, झोपेतले श्वास किती.

लोक प्रवासात कुत्र्याकडे बघून ठरवतात. मी दुसऱ्या दिवशीच्या कुत्र्याकडे बघून ठरवतो. गाडीत माणसं सोबत असतात, अंगात उत्साह असतो, तेवढ्यात तो दुखणं गिळून नेतो. खरी किंमत चोवीस तासांत वसूल होते. माझा नियम असा की दोन तासांच्या फेरीनंतर तो एका दिवसात पूर्ववत झाला नाही, तर सहा-आठ तासांचा प्रवास त्याच्यासाठी नाही. मग थांबे वाढवूनही उपयोग होत नाही. मध्ये मुक्काम केला तरच जमतं, आणि तेही कधी कधीच.

सातवी: औषधं

आता घरची तपासणी संपत आली. इथून पुढे डॉक्टर लागतात, पण त्यांच्याकडे जाण्याआधी काय करायचं नाही ते सांगतो.

आपल्या कपाटातली वेदनाशामकं द्यायची नाहीत. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, पॅरासिटामॉल यांपैकी एकही नाही, अर्धी गोळीही नाही. कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं आणि यकृत निकामी होऊ शकतात, आणि म्हाताऱ्याची ती आधीच थकलेली असतात. माणसांची गाडी लागण्याची गोळीही विचारल्याशिवाय नाही.

खरोखर गाडीच लागत असेल तर मॅरोपिटंट नावाचं औषध डॉक्टर देतात. ते प्रवासाच्या किमान दोन तास आधी द्यायचं असतं. ते उलटी थांबवतं. भीती आणि दुखणं त्यानं जात नाही, त्यामुळे उलटी बंद होऊनही कुत्रा थरथरतच असेल तर कारण दुसरं आहे.

"झोपेची गोळी द्या म्हणजे पडून राहील" अशी मागणी करू नका. ॲसेप्रोमेझीनसारख्या औषधानं शरीर लुळं पडतं, भीती तशीच राहते, फक्त ती दाखवता येत नाही. शिवाय रक्तदाब उतरतो, जे म्हाताऱ्या हृदयाला नको असतं. गाबापेंटिन, ट्रॅझोडोन अशी औषधं डॉक्टर ठरवू शकतात. त्यांनी पाय लटपटतात, म्हणजे तोल आणखी जातो. कुठलंही नवं औषध पहिल्यांदा घरी, आठवडाभर आधी देऊन बघायचं, प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा द्यायचं नाही.

आठवी: डॉक्टरांकडे

प्रवासाच्या किमान दोन-तीन आठवडे आधी जा, म्हणजे औषध सुरू करून त्याचा परिणाम बघायला वेळ मिळतो. वही, चित्रीकरण, झोपेतल्या श्वासांचे आकडे आणि पाण्याचं माप सोबत न्या. "बघा जरा, प्रवासाला चालेल का" एवढंच विचारलं तर वरवरची तपासणी होते. नेमकं सांगा: इतके तास, इतके थांबे, तिथली हवा अशी, इतके दिवस राहणार. मग हृदयाचे ठोके आणि रक्तदाब, रक्त-लघवी, गरज वाटली तर छातीचा आणि खुब्यांचा एक्स-रे, हे विचारा. कान बघायला सांगा. आतल्या कानाचा संसर्ग तोल बिघडवतो आणि तो हुबेहूब गाडी लागल्यासारखा दिसतो. डोकं एकाएकी एका बाजूला कलतं, बुबुळं झरझर हलतात, हा म्हाताऱ्या कुत्र्यांतला तोलाचा झटका असतो. बघून घाबरायला होतं, पण पुष्कळ कुत्रे काही दिवसांत सावरतात. त्या काळात गाडी पूर्ण बंद.

हृदय कमजोर होऊन फुफ्फुसात साठलेलं पाणी, ताबा नसलेला मधुमेह, फीट, श्वासाची खरखर, नुकतीच शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल आणि डॉक्टर "नको" म्हणाले तर दुसरा मार्ग शोधत बसू नका. तिथं घरगुती उपाय संपतात.

न्यायचं की ठेवायचं

तपासण्या नीट निघाल्या तरी एक हिशेब उरतो. तिथं किती दिवस राहणार? आठ तास जायचं, दोन रात्री राहायचं आणि आठ तास यायचं, यात म्हाताऱ्या कुत्र्याच्या वाट्याला प्रवास आणि त्याचा शीणच येतो. महिनाभर राहणार असाल तर तोच प्रवास मी करेन.

ज्याला रात्री कुठं आहोत ते उमगत नाही, कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो, दिवसा झोपून रात्री जागा राहतो, त्याच्या मेंदूला म्हातारपण आलं आहे. त्याला नवी जागा गाडीपेक्षा जास्त त्रास देते. तो घराच्या ओळखीच्या वाटांवरच तगून असतो. अशा कुत्र्याला मी नेत नाही, त्याचं शरीर धडधाकट असलं तरी.

मागे ठेवणं म्हणजे टाकून जाणं नव्हे, हे मला चिंगीच्या शेवटच्या वर्षी पटलं. त्याआधी मी तिला हट्टानं सगळीकडे नेत होतो, कारण तिच्याशिवाय मला करमायचं नाही. ती गरज माझी होती. पण ठेवायचं तर नीट ठेवायचं. शक्यतो त्याला दुसरीकडे न हलवता माणसालाच आपल्या घरी राहायला बोलवावं. त्यानं निघायच्या दोन-तीन दिवस आधी यावं, एकदा तुमच्यासमोर औषध द्यावं, एकदा तुमच्याशिवाय फिरवून आणावं.

त्या माणसासाठी एक कागद लिहून दारापाशी लावा. त्यावर औषधांच्या वेळा, गोळी कशात लपवून देता ते, तो रात्री किती वाजता उठतो आणि का, कुठं हात लावला की कळवळतो, डॉक्टरांचा नंबर आणि तुमच्याशी संपर्क झाला नाही तर निर्णय कोण घेणार त्याचं नाव. माझ्या कागदावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, एवढं असतं: रोज रात्री झोपल्यावर श्वास मोजणे, तीसच्या वर गेले तर माझ्या फोनची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करणे.